वाचकांचे प्रश्न : तलंगा अंड्यावर येताना, जुन्या कोंबड्या थकताना

परसातल्या कोंबड्यांबद्दल आलेल्या पत्रांत दोन टोकांची काळजी दिसते. कुणाच्या तलंगा, म्हणजे पहिल्यांदाच अंडी द्यायच्या वयात आलेल्या तरुण कोंबड्या, अजून अंड्यावर येत नाहीत, तर कुणाच्या जुन्या कोंबड्यांनी अंडी देणे थांबवले आहे. दोन्हींचे उत्तर वयाच्या आकड्यापेक्षा कोंबडी हातात घेऊन तपासल्यावर जास्त नेमके मिळते. म्हणून सुरुवात त्या तपासणीपासून केली आहे.

प्रश्न : आमच्या आठ तलंगा २१ आठवड्यांच्या झाल्या, पण एकही अंडे नाही. त्या आजारी असतील का? लवकर अंडी यावीत म्हणून काही देता येते का?

२१ आठवडे हा उशीर नाही. हलक्या अंगाच्या, खास अंड्यांसाठी तयार केलेल्या संकरित जाती १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात. भारी अंगाच्या जातींना २२ ते २८ आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. एकाच दिवशी उबवलेल्या पिल्लांतही महिना-दीड महिन्याचा फरक पडतो.

आधी लांबून बघा. तुरा आणि हनुवटीखालचे कल्ले फिकट गुलाबी आहेत की भरून लालभडक झाले आहेत? पाठीवर हात ठेवताच तलंग पळून न जाता पंख थोडे पसरून जमिनीला दबून बसते का? तशी बसत असेल तर पहिले अंडे बहुधा एक-दोन आठवड्यांत येते. अंडी घालण्याच्या पेटीत शिरून गवत उकरणे, कोपऱ्यात खळगा करणे हीसुद्धा त्याचीच लक्षणे आहेत.

मग हाताने तपासा. संध्याकाळी दांडीवर बसल्यावर कोंबडी सहज हाती येते. तिचे डोके तुमच्या कोपराकडे येईल अशी ती काखेत धरा, दोन्ही पाय एका हाताच्या बोटांत अडकवा आणि दुसरा हात शेपटीखाली न्या. अंडे बाहेर पडते त्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे लागतात. त्यांच्यात एकच बोट मावत असेल आणि हाडे ताठ असतील, तर तलंग अजून कच्ची आहे. दोन बोटे मावू लागली की वेळ जवळ आली. नियमित अंडी देणाऱ्या मध्यम अंगाच्या कोंबडीत तीन बोटे सहज बसतात, हाडे लवचिक लागतात आणि द्वार रुंद, ओलसर, फिकट दिसते. छातीच्या हाडाचे मागचे टोक आणि ही दोन हाडे यांतले अंतरही मोजा. अंडी देणारीत ते तीन-चार बोटे भरते आणि पोट मऊ लागते. बोटांचे हे माप कोंबडीच्या अंगाप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून आपल्याच कळपातल्या एकीची दुसरीशी तुलना करा.

सगळी लक्षणे आहेत आणि अंडी दिसत नाहीत, तर ती दुसरीकडे पडत असतील. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या झुडपात, लाकडांच्या ढिगामागे ठिकाणा धरतात. तीन-चार दिवस दुपारपर्यंत त्यांना कोंडून ठेवा; बहुतेक अंडी सकाळी ते दुपारच्या सुरुवातीला येत असल्याने लगेच उलगडा होतो.

राहिला प्रश्न काही देण्याचा. काहीही देऊ नका. कोंबडीच्या शरीराला अंड्यांची सूचना मुख्यतः दिवसाच्या लांबीकडून मिळते. दिवस लहान होत जाणाऱ्या काळात वयात येणाऱ्या तलंगा थांबून राहतात आणि १४ तासांच्या आसपास उजेड मिळू लागला की सुरुवात करतात. दिवा लावायचाच असेल तर हाडाचा सांगाडा भरल्यानंतर, म्हणजे १७-१८ आठवड्यांच्या पुढेच लावा. आठवड्याला अर्धा तास या वेगाने उजेड वाढवा आणि १६ तासांच्या पलीकडे नेऊ नका. वाढीव उजेड पहाटे द्यावा. संध्याकाळी दिवा अचानक विझला की दांडीवर न पोचलेल्या कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकतात. कोंबडीच्या डोळ्याच्या उंचीला छापील अक्षर जेमतेम वाचता येईल, एवढा उजेड पुरतो. शरीर तयार नसताना उजेडाने घाई केली, तर अंडी लहान येतात आणि मागच्या द्वारातून अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य) नेमके कधी सुरू करावे? आमच्याकडे १२ आठवड्यांची पिल्ले, अंड्यावरच्या कोंबड्या आणि दोन म्हाताऱ्या एकत्रच आहेत.

वाढत्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम सुमारे १ टक्का असते, लेअर खाद्यात ३.५ ते ४ टक्के. हा फरक समजला की निर्णय सोपा होतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. दिवसाला ११० ग्रॅम लेअर खाद्य खाणाऱ्या कोंबडीच्या पोटात जवळपास ४ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि त्यातले साधारण निम्मेच अंगी लागते. म्हणजे रोज अंडे देणारीला ते जेमतेम पुरते. अंडे न देणाऱ्या वाढत्या पिल्लाला मात्र हेच जादा कॅल्शियम मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकावे लागते. तेवढा भार लहान मूत्रपिंडे सोसू शकत नाहीत आणि ती कायमची बिघडू शकतात. म्हणून १६ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना लेअर खाद्य नको.

नुसत्या तलंगांचा कळप असेल तर दोघी-तिघींचे तुरे लाल होऊन पहिले अंडे दिसले की बदल सुरू करा. जुने आणि नवे खाद्य मिसळत आठवडाभरात पूर्ण बदला. अंड्यावर येण्याआधीच्या दोन आठवड्यांत तलंग आपल्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करते. म्हणून शिंपल्यांच्या चुऱ्याचे वेगळे भांडे १७ व्या आठवड्यापासूनच भरून ठेवावे.

तुमच्यासारख्या मिश्र कळपाला सरसकट लेअर खाद्य देऊ नका. १६ ते १८ टक्के प्रथिने आणि १ टक्क्याच्या आसपास कॅल्शियम असलेले ग्रोअर खाद्य, म्हणजे वाढत्या पिल्लांचे खाद्य, सगळ्यांना द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यावरच्या कोंबड्या, विशेषतः दुपारनंतर, स्वतःहून त्याकडे वळतात. पिल्ले आणि अंडी थांबलेल्या म्हाताऱ्या त्याला फारसे तोंड लावत नाहीत. चुरा खाद्यात मिसळला की निवड करण्याची ही सोय संपते, तेवढे मात्र करू नका.

चुरा पिठासारखा बारीक नको, २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे हवेत. कवच मुख्यतः रात्री तयार होते. त्या वेळी कोंबडी काही खात नसते, पण पेषणीत (दाणे दळणाऱ्या पोटाच्या भागात) अडकलेले हे तुकडे हळूहळू विरघळत राहतात आणि कॅल्शियम पुरवतात. पिठूळ चुना तोवर पुढे निघून गेलेला असतो. अंड्यांची टरफले परत द्यायची तर भाजून, चुरून द्या. अर्धे टरफल जसेच्या तसे टाकले की अंडी फोडून खायची सवय लागायला निमित्त होते. आणि दळण्यासाठी लागणारी खडी वेगळी, कवचासाठी लागणारा शिंपला वेगळा. खडी विरघळत नाही, शिंपला विरघळतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

प्रश्न : पहिल्या पंधरा दिवसांत एक अंडे कवचाशिवाय आले, एक गोटीएवढे, एकावर रक्ताची रेघ आणि एकात दोन बलक. हे सगळे खाण्यायोग्य आहे का?

कवच नसलेले टाकून द्या. बाकीची ताजी, कवच शाबूत आणि स्वच्छ असतील तर खाता येतात. पहिल्या काही आठवड्यांत बीजकोश आणि अंडनलिका यांची वेळ एकमेकांशी जुळलेली नसते. एकापाठोपाठ दोन बलक सुटले की जुळे अंडे होते. बलकाऐवजी एखादा बारीक कण नलिकेत उतरला की त्याच्याभोवतीच पांढरे आणि कवच चढून गोटी तयार होते. रक्ताची रेघ हे मार्ग पहिल्यांदा ताणला गेल्याचे चिन्ह आहे. पहिली अंडी ४० ते ४५ ग्रॅमची असतात आणि काही आठवड्यांत वजन वाढत जाते.

महिन्यानंतरही कवचाविना अंडी येत राहिली तर शिंपल्याचे भांडे, पाण्याची तूट, रात्रीचा गोंधळ आणि खाद्याच्या जोडीला टाकले जाणारे दाणे तपासा. वरचे दाणे, भाजीपाला वगैरे एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या वर गेले की मूळ खाद्यातले प्रमाण कोसळते. भेसूर कवचे अनेक कोंबड्यांत एकदमच दिसू लागली आणि सोबत शिंका, घरघर असेल, तर तो संसर्ग समजा आणि पशुवैद्यकाला बोलवा. रोज कवचावर रक्त दिसणे हीही दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही.

प्रश्न : एका तलंगेच्या मागून लाल गोळा बाहेर आला आहे. काय करावे?

आधी तिला वेगळे करा, अगदी लगेच. लाल ओले अंग दिसले की इतर कोंबड्या टोचू लागतात आणि तासाभरात आतडी बाहेर ओढेपर्यंत मजल जाते. ही तलंग बहुतेक वेळा लठ्ठ, फार लवकर अंड्यावर आलेली किंवा मोठे अंडे अडलेली असते.

हातमोजे घाला. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट २ चमचे मीठ विरघळवा आणि त्याने गोळा धुवा. आत अंडे तर अडकलेले नाही ना ते बघा. पाण्यात विरघळणारे वंगण लावून, बोटाने हलका एकसारखा दाब देत गोळा आत सारा आणि दोन मिनिटे धरून ठेवा. नंतर तिला मऊ अंथरुणाच्या, अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवा. उजेड दिवसाला ८ तासांवर आणला की अंडी थांबतात आणि ताणलेल्या स्नायूंना सावरायला सवड मिळते. पाणी मात्र कायम समोर असावे. गोळा काळपट पडला असेल, फाटला असेल किंवा दोनदा सारूनही बाहेर येत असेल, तर घरगुती उपचार थांबवा. एकदा झालेला हा त्रास उलटण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे बरी झाल्यावरही महिनाभर रोज बघत राहा.

प्रश्न : कोंबडी शेपूट खाली टाकून फुगून बसते, जोर करते, अंडे येत नाही.

अंडे अडले असावे. ३८ ते ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तिचे पोट आणि मागचा भाग १५ ते २० मिनिटे बुडवून ठेवा, कोरडी करा, उबदार अंधाऱ्या जागी ठेवा. पोट दाबून अंडे ढकलू नका. आत फुटले तर जिवावर बेतते. काही तासांत अंडे आले नाही तर वाट बघू नका, पशुवैद्यकाकडे न्या.

प्रश्न : पेट्या असूनही तलंगा जमिनीवर अंडी घालतात आणि रात्री पेटीतच झोपतात.

दोन्हींचे कारण बहुधा एकच असते : पेट्या दांडीपेक्षा उंच आहेत. कोंबडी झोपायला सर्वांत उंच जागा शोधते आणि अंड्यासाठी आडोसा शोधते. पेटी दांडीच्या खाली, साधारण ३० सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि थोडी जास्त उंच असावी. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते. तळाशी १० सेंटिमीटर कोरडे गवत किंवा लाकडाचा भुसा घाला आणि अंडी सुरू होण्याआधी दोन आठवडे प्रत्येक पेटीत एक लाकडी किंवा चिनीमातीचे अंडे ठेवा. पेट्यांसमोर पडदा लावा, खुराड्याचे अंधारे कोपरे उजळ करा आणि संध्याकाळी आठवडाभर पेट्या बंद ठेवून पहाटे उघडा. जमिनीवरचे अंडे दिसताक्षणी उचला.

प्रश्न : चार वर्षांच्या पाच कोंबड्यांत सहा तलंगा सोडायच्या आहेत. जुन्या त्यांना मारतील अशी भीती वाटते.

थोडे मारतीलच. दांडीवर कोण वर, दाण्यावर कोण आधी, हा क्रम प्रत्येक नव्या कोंबडीबरोबर नव्याने ठरतो. तुमच्या हातात एवढेच आहे की तो रक्त न सांडता ठरावा.

तलंगा बाहेरून आणल्या असतील तर ३० दिवस पूर्ण वेगळ्या ठेवा. भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आणि रोज आधी जुन्यांचे काम आटोपून मग नव्यांकडे जा. याच काळात उवा, जंत, शिंका तपासा आणि मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचे पशुवैद्यकाशी बोलून घ्या. घरच्याच असतील तर ही पायरी गाळता येते. मात्र १६ आठवड्यांच्या आत आणि जुन्यांच्या निम्म्या अंगाच्या असताना मिसळू नका.

त्यानंतर दहा-बारा दिवस मध्ये जाळी ठेवा. एकमेकींना दिसल्या पाहिजेत, चोच पोचता कामा नये. दाणे जाळीच्या दोन्ही अंगांना जवळजवळ टाका, म्हणजे शेजारी शेजारी खाण्याची सवय होते. मग एखाद्या मोकळ्या दिवशी, सगळ्या बाहेर असताना जाळी काढा. सहाही तलंगा एकदम सोडा. एकटी-दुकटी सोडली तर पाचही जणींचा रोख तिच्यावर जातो. रात्री गुपचूप दांडीवर नेऊन बसवण्याचा उपाय अनेक जण सांगतात. त्याने पहिली रात्र शांत जाते, पण पहाटे खुराडे बंद असताना पळायला जागा नसते. तो उपाय जाळीच्या दहा दिवसांनंतर आणि उजाडताच दार उघडणार असाल तरच करा.

खाद्य-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, एकमेकांच्या नजरेआड ठेवा. फळी तिरकी टेकवून, टोपली पालथी घालून आडोसे करा. ज्या कोपऱ्यातून बाहेर पडायला वाट नाही असा एकही कोपरा ठेवू नका. बंद जागेत प्रत्येकीला सुमारे ४ चौरस फूट आणि बाहेर १० चौरस फूट मिळत नसेल तर बाकी सगळी काळजी वाया जाते. एखादीच जुनी कोंबडी सतत पाठलाग करत असेल तर तलंगेला नव्हे, त्या जुनीला चार-पाच दिवस बाजूला ठेवा. परत येईपर्यंत तिची जागा दुसरीने घेतलेली असते. रक्त दिसले की जखमी कोंबडी लगेच बाहेर काढा.

प्रश्न : दीड वर्षाच्या कोंबड्यांनी अंडी थांबवली आणि खुराडे पिसांनी भरले. खाद्य कमी पडते का?

ही पिसे झडण्याची पाळी दिसते. पहिली मोठी पाळी १५ ते १८ महिन्यांच्या सुमारास, बहुधा दिवस लहान होऊ लागल्यावर येते आणि साधारण २ ते ३ महिने चालते. पिसे डोके-मानेपासून सुरू होऊन छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट या क्रमाने जातात. त्या जागी सुईसारखे कोवळे अंकुर दिसतात. पिसाचा सुमारे ८५ टक्के भाग प्रथिनांचा असल्याने शरीर तिकडे वळते आणि अंडी थांबतात. या काळात १८ ते २० टक्के प्रथिनांचे खाद्य द्या, दाणे कमी करा आणि कोंबड्यांना विनाकारण हातात घेऊ नका, कारण कोवळे अंकुर दुखतात आणि मोडले तर रक्त येते.

एक गोष्ट वाचकांच्या लक्षात येत नाही. जी कोंबडी उशिरा पिसे टाकते आणि भराभर, अगदी विद्रूप दिसेपर्यंत टाकते, ती सहसा चांगली अंडी देणारी असते. आधी सुरू करून महिनोन्महिने एकेक पीस टाकणारी कमी अंड्यांची. ओकीबोकी झाली म्हणून उत्तम कोंबडी काढून टाकू नका.

क्रम सोडून फक्त पाठीवर, मागच्या द्वाराभोवती किंवा मानेवर टक्कल पडले तर कारण दुसरे आहे : कोंबडा, टोचणाऱ्या कोंबड्या किंवा उवा. शेपटीखालची पिसे बाजूला करून मुळाशी पांढरे गठ्ठे दिसतात का बघा. त्या उवांच्या लिखा. लाल माइट (रक्त पिणारे बारीक किडे) अंगावर दिवसा सापडत नाहीत. त्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. अंधार पडल्यावर दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कपडा फिरवा, लाल रेघा उमटल्या तर खात्री झाली. खुराडे रिकामे करून फटी खरवडा, कडक गरम पाण्याने धुवा, योग्य औषध लावा आणि आठवड्याने हे सगळे पुन्हा करा, कारण पहिल्या वेळी माइटची अंडी वाचतात. खुराडे नुसते रिकामे ठेवल्याने काही होत नाही. उपाशी माइट कित्येक महिने जगतात. कोणतेही औषध वापरण्याआधी किती दिवसांची अंडी टाकावी लागतील हे विचारून घ्या.

प्रश्न : पाच-सहा वर्षांच्या कोंबड्यांसाठी काय वेगळे करावे? त्यांची अंडी मोठी पण कवच कागदासारखे असते.

वयाबरोबर अंडे मोठे होते, कवचासाठी निघणारे कॅल्शियम मात्र वाढत नाही. तेवढाच लेप मोठ्या अंड्यावर पसरतो. शिंपल्याचा चुरा आणि उन्हात फिरणे यांनी थोडा फरक पडतो, तरुण कोंबडीसारखे कवच परत येत नाही. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, फुटलेल्या अंड्याची चव लागू देऊ नका.

दांडी ४०-४५ सेंटिमीटरवर उतरवा, ४-५ सेंटिमीटर रुंद आणि वरच्या कडा गोल केलेली घ्या, जोडीला आडव्या पट्ट्या ठोकलेली तिरकी फळी लावा. जड म्हातारी कोंबडी उंचावरून कडक जमिनीवर उडी मारते तेव्हा तळव्याला बारीक इजा होते, जंतू शिरतात आणि काळी खपली धरलेली गाठ तयार होते. महिन्यातून एकदा तळवे बघाच. सुरुवातीला मिठाच्या कोमट पाण्यात शेक, जंतुनाशक आणि स्वच्छ पट्टी पुरते; सूज वर चढली तर कापाकापी स्वतः करू नका. वाढलेली नखे टोकापासून थोडी थोडी कापा. पायाच्या नळ्यांवरचे खवले उचलून पांढरट, खडबडीत झाले असतील तर ती पायाची खरूज आहे. साबणाच्या कोमट पाण्याने पाय मऊ करा आणि पेट्रोलियम जेलीचा जाड थर आठवड्यातून दोनदा, महिनाभर लावा. माइट गुदमरून मरतात. दुखते म्हणून खवले ओढून काढू नका. दांडीही धुवा, नाहीतर एकीकडून दुसरीकडे लागण होत राहते.

पोट फुगून पाणी भरलेल्या फुग्यासारखे लागते आणि कोंबडी उभट, पाय फाकवून चालते, हे म्हातारपण नसून आजार आहे. अंडनलिकेत न जाता पोटात सांडलेले बलक, तिथला जंतुसंसर्ग किंवा बीजकोशाची गाठ ही त्याची नेहमीची कारणे आहेत. उलट छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागत असेल तर ती खंगते आहे. जंत, किंवा दाण्यावर मागे हटवली जाणे यापासून शोध सुरू करा. वजन महिन्याला लिहून ठेवले तर हे डोळ्यांना दिसण्याआधी कळते.

प्रश्न : कोणत्या ठेवाव्यात, कोणत्या काढाव्यात?

हा निर्णय तुमचाच आहे, पण डोळे उघडे ठेवून घ्या. पहिल्या वर्षानंतर अंडी दरवर्षी साधारण १५ ते २० टक्क्यांनी घटतात आणि कोंबडी ६ ते ८ वर्षे, कधी १० वर्षेही जगते. अंडे न देणारी दिवसाला ८०-९० ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला ३० किलोच्या आसपास. त्या बदल्यात खत, कीड वेचणे, खुडूक बसून पिल्ले काढणे आणि कळपाला शांत ठेवणे एवढे ती देते. काढायचीच तर आधी तपासा. पिसे झडताना किंवा खुडूक असताना उत्तम कोंबडीही रिकामी वाटते. पिवळ्या कातडीच्या जातीत आणखी एक खूण आहे. अंडी सुरू झाली की पिवळा रंग आधी मागच्या द्वारावरून, मग डोळ्याभोवतीच्या कडेवरून, चोचीवरून आणि सर्वांत शेवटी नळ्यांवरून उतरतो. थांबल्यावर त्याच क्रमाने परत चढतो. नळ्या फिकट आणि डोळ्याची कड पिवळी, याचा अर्थ बरेच महिने अंडी देऊन तिने नुकतीच विश्रांती घेतली आहे.

सगळा कळप एकाच वयाचा ठेवू नका, नाहीतर सगळ्या एकदम थांबतात. दरवर्षी एक तृतीयांश तलंगा आणा. पायात वर्षाप्रमाणे रंगीत कडी घाला, म्हणजे वय आठवत बसावे लागत नाही. कडी आणि नळी यांच्यात बारीक काडी फिरली पाहिजे. तलंगेची नळी पहिल्या वर्षात जाड होते, तेव्हा दर महिन्याला तळवे बघताना कडीही फिरवून बघा आणि घट्ट झाली असेल तर कापून मोठी घाला.